आदेशावरून

नोटीस कारकुनानंच रचली, कारकुनानंच टाइप केली आणि फळ्यावर चार टाचण्या टोचून लावलीही कारकुनानंच. खाली 'आदेशावरून' असं लिहायलाही तो विसरला नाही. आदेश कोणी दिलेला नव्हता, एवढीच काय ती त्रुटी.

मजकूर असा होता: 'व्यवसाय कायदा या विषयाच्या सत्रातील सर्व तासांना जो विद्यार्थी एकही खाडा न करता हजर राहील, त्यास बाई आपली लाल वही देतील. आदेशावरून.'

नोटीस लावून कारकून खाली आला आणि आपल्या हातून एक सत्कृत्य घडलं या आनंदात त्यानं दोन चहा मागवले. दोन्ही स्वतःच प्याला.

वास्तविक या बाबतीत त्याच्याइतका जाणता माणूस कॉलेजात दुसरा नव्हता. त्याच्या आधीचा कारकून अशाच एका 'आदेशावरून'पायी घरी बसला होता. टाकीत पाणी नाही म्हणून त्या बिचाऱ्यानं परस्पर सुट्टी जाहीर केली आणि नेमके त्याच दिवशी तपासणीचे पाहुणे आले. त्यांच्या स्वागताला कॉलेजात एक शिपाई आणि एक रिकामी टाकी एवढेच हजर होते. तेव्हापासून प्राचार्यांनी लेखी नियम करून ठेवला, की सहीच्या आदेशाशिवाय नोटीस लागली, तर लावणाऱ्याची नोकरी संपली. हा नियम टाइप केला होता आताच्याच कारकुनानं. तीन प्रती काढून.

मग एवढं माहीत असून ही अवदसा आठवली कशी? तर बाईंचा विषय बंद पडत होता म्हणून. तीसपेक्षा कमी नावं आली तर ऐच्छिक विषय त्या वर्षी चालवायचा नाही, असं वरून ठरलं होतं. बुधवारपर्यंत व्यवसाय कायद्याला अकरा नावं आली होती, त्यातली दोन चुकून. विषय बंद झाला असता तर नोकरीची शेवटची तीन वर्षं बाईंना ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवत काढावी लागली असती. नंबर चिकटवणाऱ्या बाई कारकुनाच्या डोळ्यांपुढे येईनात. तो फार तर बाईंच्या समोर उभे राहिलेले रोल नंबर बघू शकत होता, आणि ते नंबर खाली माना घालून उभे असत.

या बाईंना सगळे 'करारबाई' म्हणत. समोर नाही, पण फार मागेही नाही. चण लहान, आवाज कोरडा, चेहऱ्यावर हसू आलंच तर ते पावती घेऊन येणार. वर्ग सकाळी साडेसातचा. वर्गातल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून घरून गजराचं घड्याळ पिशवीतून आणत, टेबलावर ठेवत आणि गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबत. उरलेलं अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होई. ज्याचा दुसऱ्या दिवशी खाडा झाला, त्याच्या आयुष्यात ते वाक्य अर्धंच राही.

सत्राच्या पहिल्या तासाला त्या आपली छत्री विकायला काढत. काळी, लाकडी मुठीची, बंद केलेली. "जशी आहे तशी. कोण घेतो?" पहिल्या बाकावरचं कोणीतरी भोळं पोर उठे आणि व्यवहार होई. मग बाई म्हणत, "उघड." छत्रीला रुपयाएवढं भोक असे. "फसवलंत बाई!" "मी काही बोलले का?" "नाही." "तू उघडून बघितलीस का?" "नाही." "बस खाली. हा पहिला धडा." तासाच्या शेवटी छत्री परत आणि पैसे परत. एकतीस वर्षं ती छत्री दर वर्षी एकदा विकली जात होती आणि त्या अर्थानं ती कॉलेजातली सर्वांत यशस्वी व्यापारी होती.

घरीही काही निराळं नव्हतं. बाईंचे यजमान औषधाचं दुकान मुलाला देऊन निवांत झालेले. ते सकाळी म्हणायचे, "संध्याकाळी येताना दूध घेऊन येतो हं." बाई चष्म्यावरून बघत, "हा प्रस्ताव आहे का नुसता इरादा?" यजमान जरा विचार करून म्हणत, "इरादा." मग दूध बाईच आणत. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई प्रेमानं म्हणाल्या होत्या, "हे घर तुझंच आहे गं." त्यावर नव्या सुनेनं अदबीनं विचारलं होतं, "बोलण्यात का दस्तात?" सासूबाई पुढे पंधरा वर्षं ही गोष्ट येईल त्याला सांगायच्या, आणि सांगताना त्यांना राग येई का अभिमान वाटे, ते ऐकणाऱ्याला कळत नसे.

आणि कारकून कोण? तर याच कॉलेजातला, याच विषयात दोनदा नापास झालेला विद्यार्थी. तिसऱ्या खेपेआधी बाईंनी त्याला अख्खी सुट्टी स्टाफरूममध्ये बसवून शिकवलं. त्यानं फीचं विचारल्यावर म्हणाल्या, "रोज सगळ्या वर्गांचे फळे पुसायचे. मोबदला नसला तर करार होत नाही." त्यानं दीड महिना अकरा फळे पुसले, पस्तिसावर पास झाला आणि त्या पस्तिसाच्या जोरावर त्याला ही खुर्ची मिळाली. खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण मार्कही पस्तीसच होते.

त्याच्यात खोड एकच. न सांगता भलं करायची. कॉलेजात असतानाच एकदा बाईंची छत्री स्टाफरूममध्ये दिसली, तिचं भोक दिसलं, आणि हा ती परस्पर नेऊन शिवून घेऊन आला. बाई त्या छत्रीकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या. पुढच्या वर्षी तिला पुन्हा भोक होतं, आणि बाईंचा छत्रीवाला म्हणाला, गिऱ्हाईक कात्री घेऊन आलं होतं.

आता राहिली लाल वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, कोपऱ्यांना कापडी पट्ट्या मारलेली. बाई वर्गातून निघताना कधीकधी थांबत, उभ्याउभ्या त्या वहीत एक ओळ लिहीत आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी मोठ्या पिशवीत घालत. चहाला जाताना वही काखेत. एकदा बुटाची नाडी बांधायला म्हणून त्यांनी ती यजमानांच्या हातात दिली होती, तीही 'फक्त ताबा, मालकी नाही' असं बजावून. आत काय आहे ते कोणीही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे आत परीक्षेत येणारे सगळे प्रश्न उत्तरांसह आहेत, हे कॉलेजातल्या प्रत्येकाला पक्कं माहीत होतं.

कारकुनाचा हिशेब साधा होता. वहीच्या लोभानं नावं येतील, विषय वाचेल, आणि वही द्यायची वेळ यायचीच नाही. कारण साडेसातच्या वर्गाला शंभर टक्के हजेरी एकतीस वर्षांत एकाच मुलानं लावली होती, आणि तीही दुसऱ्या बाकावरच्या मुलीसाठी. ती पुढे त्याची बायको झाली, आणि मग तो कुठेच वेळेवर गेला नाही.

नावं आली. बावन्न. विषय वाचला.

बाईंना कळण्याचाही प्रश्न नव्हता, कारण बाई नोटीस बोर्ड वाचत नसत. तत्त्व म्हणून. "वाचलं की मी बांधली गेले," असं त्या म्हणत आणि फळ्यासमोरून जाताना मान उजवीकडे वळवत. सुट्टी आहे की नाही हे त्यांना फाटकाच्या कुलपावरून कळे.

पहिल्या महिन्यात कारकुनाची छाती दोन इंच फुगली होती. हजेरीचं रजिस्टर न्यायला-आणायला तो स्वतः जाऊ लागला. बावन्नचे चव्वेचाळीस झाले, चव्वेचाळीसचे एकतीस. म्हणजे एकही खाडा नसलेले एकतीस. ठीक, अजून गळतील. दुसऱ्या महिन्यात पंचवीस. मग तेवीस. आणि मग आकडा जो रुतला तो हलेना. कारकुनाच्या लक्षात आलं की आपण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशा जागी येऊन बसलोय. त्यानं गुपचूप नोटीस काढून टाकली. आकडा हलला नाही. मग तो पोरांच्या तब्येतीत लक्ष घालू लागला. कोणी खोकलं की याचे डोळे चमकत. "अरे, सर्दी आहे तुला. पड की घरी दोन दिवस. रजेचा अर्ज मी भरतो." पोरगा म्हणे, "नको काका, कायद्याचा तास आहे." भल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या लेकरांना ताप यावा म्हणून वाट पाहिली. सकाळच्या सामन्याचे चार पास त्यानं पदरमोड करून आणले आणि फुकट वाटले. चौघेही तास करून सामन्याला गेले आणि त्याला थँक्यू म्हणाले.

आकडा एकोणिसावर येऊन बसला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. बाई खुलल्या होत्या. साडेसातला भरलेला वर्ग त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी रंगीत खडूंचा डबा आणला. वॉरंटी शिकवायला घरचा बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या आणि तासाभरात वर्गानं तो दुरुस्त केला, त्यामुळे धडा राहिला तो राहिलाच. एक दिवस रजिस्टर घ्यायला आलेल्या कारकुनाला त्या म्हणाल्या,

"यंदा पोरांना कायद्याची गोडी लागली रे."

"हो बाई."

"कशानं लागली असेल?"

"शिकवण्यानंच बाई."

"एकतीस वर्षं तेच शिकवतेय."

"मग... मुरलं असेल."

त्या शिवून आणलेल्या छत्रीकडे बघितलं होतं तसं बाईंनी त्याच्याकडे बघितलं. कारकून जिना उतरताना दोनदा अडखळला.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'साऱ्या जगाला केलेला प्रस्ताव.' कारकून तेव्हा रजिस्टर घेऊन दारात उभा होता.

"समजा, कोणी फळ्यावर चिठ्ठी लावली," बाई म्हणाल्या, "की माझं हरवलेलं मांजर आणून देईल त्याला माझी सायकल देईन. हा प्रस्ताव कोणाला केला?"

"मांजराला!" मागून आवाज आला.

"मांजर अज्ञान आहे. त्याला करार करता येत नाही. तुझ्याबद्दलही मला शंका आहे. पुढे?"

"सगळ्यांना, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "जो आणून देईल त्यानं तो स्वीकारला असं धरायचं."

"बरोबर. दुसरं उदाहरण कोण देतो?"

शेवटच्या बाकावरून एक लांबलचक मुलगा टप्प्याटप्प्यानं उभा राहिला. याला सगळे शंकासूर म्हणत. तो जेवणाच्या सुट्टीतही 'सुट्टी म्हणजे नक्की काय' असं विचारणाऱ्यांतला होता.

"बाई, तुमच्या वहीसारखं."

"कुठली माझी वही?"

शंकासुरानं खिशातून फोन काढला. नोटिशीचा फोटो त्यानं पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता, कारण यंदा छत्री त्यालाच विकली गेली होती आणि तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर बसून सगळ्याचा पुरावा ठेवत असे. त्यानं मोठ्यानं वाचलं. 'आदेशावरून'पर्यंत.

दारात कारकुनाच्या पाचावर धारण बसली. रजिस्टर त्यानं छातीशी धरलं, जणू आतून कोणी गोळी झाडणार होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. दाराकडे बघितलं नाही.

"म्हणजे तुम्ही वहीसाठी येत होतात."

मग शंकासूरच म्हणाला, "पहिले दोन महिने बाई. मग सवय लागली."

"सवय हा मोबदला नाही," बाई म्हणाल्या, पण जरा वेळानं. मग खडू उचलला. "उदाहरण चांगलं आहे. सोडवू या. नोटीस फळ्यावर आहे अजून?"

"नाही बाई. दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी काढली."

"मग प्रस्ताव मागे घेतला गेला का?"

"नाही," पहिल्या बाकावरची म्हणाली. "आम्ही यायला लागलो होतो. माणूस अर्ध्यात असताना शिडी काढता येत नाही."

"मोबदला?"

"साडेसातला उठून येणं."

"हा मोबदला होतो?"

"माझ्या आईला विचारा बाई," मागून आवाज आला, आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण फळ्यावर त्यांनी 'मोबदला' लिहून त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. हिरव्या खडूनं.

"आता एकच प्रश्न राहिला. प्रस्ताव कोणाचा? माझा असेल, तर वही मला द्यावी लागेल. माझा नसेल, तर ज्यानं माझ्या नावावर लिहिलं त्याचं त्यानं निस्तरावं. याचं उत्तर..."

गजर वाजला. बाई थांबल्या. घड्याळ पिशवीत टाकून, कारकुनाच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता निघून गेल्या. त्या दिवशी वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

दुपारपर्यंत बातमी प्राचार्यांच्या टेबलावर होती. त्यांनी कारकुनाला एवढंच सांगितलं, "उद्या अकराला. बाईंना पण बोलवा. तो नियमाचा कागद काढून ठेवा." नियमाचा कागद कारकुनानंच फायलीतून काढला आणि सवयीनं त्याची झेरॉक्स पण काढली.

घरी बायको ब्लाऊज शिवायला बसली होती. ती तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं तसंही टोचायचं. त्यानं सगळं सांगितलं.

"वही तुमची होती?"

"नाही."

"बाईंना विचारलंत?"

"विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या."

"अहो, मग हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" तिनं एक टाचणी काढून कापडात खोचली. "आणि माझ्या डबीतल्या चार टाचण्या कमी आहेत त्या कधीपासून, ते आत्ता कळलं मला."

"बाई तशा चांगल्या आहेत गं."

"चांगल्या आहेत, पण कायद्याच्या आहेत. उद्या त्या 'माझा आदेश नव्हता' म्हणाल्या, तर ते खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं," बायको म्हणाली, आणि मशीन चालवू लागली. जरा वेळानं मशीन थांबवून म्हणाली, "शिलाईची दोन कामं जास्तीची घेते मी या महिन्यात. पण टाचण्या परत आणायच्या."

दुसऱ्या दिवशी साडेसातला वर्ग भरला होता. कारकून दारातच, जरा भिंतीआड. बाईंनी घड्याळ ठेवलं आणि आदल्या दिवशीचं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून उचललं.

"...मुखत्याराच्या धड्यात आहे. एक माणूस दुसऱ्याच्या नावानं काही करून बसतो. अधिकार नसताना. भलं करायला गेला असेल, उंटावरचा शहाणा असेल, ते कायदा बघत नाही. अशा वेळी जिच्या नावानं केलं तिच्यापुढे दोन वाटा. एक, 'माझा काही संबंध नाही' म्हणायचं. संपलं. दुसरी, मागाहून मान्यता द्यायची. आणि मान्यता दिली, की ते कृत्य आजपासून नाही, पहिल्या दिवसापासून तिचंच धरलं जातं. जणू तिनंच सांगितलं होतं."

"मग बाई, तो सुटला?" शंकासुरानं विचारलं.

"तो सुटला. ती अडकली. मान्यता द्यायची तर सगळ्याला द्यावी लागते. गोड गिळायचं आणि कडू थुंकायचं, असं चालत नाही."

कारकुनानं हा धडा विद्यार्थी असताना दोनदा ऑप्शनला टाकला होता. आज पहिल्यांदाच त्यानं तो पूर्ण ऐकला, आणि समजला का नाही ते ठरायच्या आत घड्याळात साडेआठ होत आले. गजर वाजायच्या अर्धं मिनिट आधी बाईंनी वर्गाकडे बघून म्हटलं, "मी मान्यता दिली." मग गजर वाजला.

अकरा वाजता प्राचार्यांची खोली. प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. दोन पदार्थ एकत्र आले की धूर निघणार, या अपेक्षेनंच ते माणसांकडेही बघत. त्यांनी नियमाचा कागद पुढे ओढला.

"बाई, ही नोटीस तुमच्या आदेशावरून लागली होती का?"

"हो."

कारकुनानं मान वर केली.

"आदेश कधी दिलात?"

"आज सकाळी. साडेआठला अर्धं मिनिट कमी."

"नोटीस चार महिन्यांपूर्वीची आहे!"

"मान्यता मागे जाऊन पहिल्या दिवसापासून लागू होते."

"असं कुठं असतं?"

"तुमच्या विषयात नसेल."

प्राचार्यांनी काही क्षण नळीत रंग बदलायची वाट पाहावी तशी वाट पाहिली. "म्हणजे तेव्हा तुमचा आदेश नव्हता."

"तेव्हा नव्हता. आता तेव्हा होता."

"आणि सही? नियमात सहीचा आदेश म्हटलंय."

बाईंनी नोटिशीची ऑफिसातली प्रत ओढली, सही केली, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि कंसात नव्हे, चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं, 'पहिल्या दिवसापासून मान्य'. प्राचार्यांनी तो कागद उजेडाला धरला, उलटा करून बघितला. कागदात त्यांना काही सापडलं नाही.

"मग तुमची ती वही द्यावी लागेल पोरांना. एकोणीस जण आहेत."

"लागेल," बाई म्हणाल्या. एवढंच. पण पिशवीवरचा त्यांचा हात मात्र त्या उठेपर्यंत हलला नाही, हे कारकुनानं पाहिलं.

सत्राच्या शेवटच्या तासाला बाईंनी वही टेबलावर ठेवली. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून.

"वही एक. हक्कदार एकोणीस. फाडून वाटायची नाही. आपसात करार करा, लेखी. तीच तुमची तोंडी परीक्षा."

तीन दिवस कँटीनमध्ये भांडणं झाली. कराराची चार पानं झाली. प्रत्येकाला चार दिवस, आडनावाच्या क्रमानं. वहीपासून हातभर अंतरात चहा नाही. उशाखाली ठेवायची नाही. ज्याच्या ताब्यात असताना पान दुमडेल, त्यानं उरलेल्या अठरा जणांना समोसे. साक्षीदार म्हणून शिपायाची सही. शंकासुराचा नंबर शेवटून पहिला लागला, कारण चर्चेत त्यानं इतक्या शंका काढल्या की सगळ्यांनी मिळून त्याचं आडनावच क्रमातून खाली ढकललं.

आणि मग त्यांनी वही उघडली.

पहिल्या पानावर, एकतीस वर्षांपूर्वीच्या शाईत, एक ओळ होती: 'वर्गात विचारलेले, मला उत्तर न आलेले प्रश्न.' खाली प्रश्नच प्रश्न. तारीख, बाक, प्रश्न. काहींपुढे पुढच्या कुठल्या वर्षी सापडलेलं उत्तर. बऱ्याचशांपुढे काहीच नाही. परीक्षेत येण्यासारखा एकही नाही. लग्नाला जाऊन नुसतं पाणी पिऊन परतल्यासारखी एकोणीस तोंडं झाली. मग पहिल्या बाकावरचीनं पान उलटून वाचायला सुरुवात केली, आणि कोणी उठलं नाही. अखेरच्या पानावर त्या मंगळवारची तारीख होती, शाई मात्र नंतरची. 'शेवटचा बाक. सवय हा मोबदला का नाही?' पुढे कोरी जागा. शंकासुरानं ते बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं काही विचारलं नाही.

कारकुनाला त्यातलं एक जुनं पान शिपायानं दाखवलं. साक्षीदार या नात्यानं त्यानं वही चाळायचा हक्क स्वतःच घेतला होता. चोवीस वर्षांपूर्वीची तारीख. 'मागून दुसरा बाक. (विचारला नाही, केला.) न सांगता कोणी छत्री शिवून आणली, तर आभार मानायचे का जाब विचारायचा?' पुढे उत्तर नव्हतं. फक्त बारीक अक्षरात, 'भोक परत पाडलं.'

कारकुनानं ते दोनदा वाचलं आणि चष्मा नसताना चष्मा पुसायची हालचाल केली.

बाई स्टाफरूममध्ये घड्याळाला किल्ली देत होत्या. पिशवी शेजारच्या खुर्चीवर होती, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच चपटी दिसत होती.

"बाई," कारकून दारातूनच म्हणाला, "माझ्यापायी वही गेली."

"गेली नाही. चार चार दिवसांनी फिरतेय."

"तरी पण. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी आज घरी असतो."

"घरी जाऊन काय केलं असतंस? दुसऱ्या कोणाचं भलं केलं असतंस." त्यांनी किल्ली दिली, घड्याळ कानाला लावलं, पिशवीत टाकलं. चपट्या पिशवीत ते तळापर्यंत गेलं आणि खण्ण वाजलं.

कारकुनाला राहवेना. तो दोन पावलं आत आला. "बाई, कानाला खडा लावला मी. तुमच्यासमोर सांगतो, आता जन्मात पुन्हा स्वतःच्या मनानं कागदावर एक अक्षर लिहिणार नाही!"

बाईंनी छत्री काखेत मारली, पिशवी उचलली आणि त्याच्या अंगावरून पुढे जाता जाता म्हणाल्या,

"लिहून दे."